शेषरावांनी खाल्लेले पॉज

कोणी मानणार नाही, आणि मानूही नये, पण शेषराव तायडे अकोल्याच्या भरल्या नाट्यगृहात, भर दुपारी, सलग अकरा सेकंद गप्प बसले. ओळखीचे लोक म्हणतील, डोळा लागला असेल. नाही, डोळे टक्क उघडे होते. म्हणतील, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असेल. तोही नव्हता, बायकोने, सुंदराबाईंनी, तो दारातच थुंकायला लावला होता. ज्या माणसाने अकोल्याच्या बसस्थानकावर सत्तावीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या, आणि दोन गाड्यांच्या मध्ये प्रवाशांना हवापाण्यापासून हरभऱ्यावरच्या अळीपर्यंत सगळं ऐकवलं. ज्याच्याबद्दल आगारात म्हणत की हिवरखेडची गाडी डिझेलवर नाही, शेषरावांच्या तोंडावर चालते. तो माणूस अकरा सेकंद गप्प. घड्याळ शेजारच्या खुर्चीतल्या नत्थुजींच्या मनगटावर होतं, आणि नत्थुजी काही शेषरावांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांपैकी नव्हेत. आता त्या अकरा सेकंदांत काय काय झालं ते कळायचं तर चार महिने मागे, अमरावतीत, एका ऑटोत बसावं लागेल.

ऑटो पंचवटी चौकातून निघाला होता. कडेला त्यांची मुलगी दीक्षा बसली होती, म्हणून ऑटोवाल्याने तिला विचारलं, "कोठी उतरता, ताई?" शेषरावांनी बत्तीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं आणि "कठोरा ना" एवढं म्हटलं, तोच त्यांच्या तोंडावर एक हात आला. मारल्यासारखा नाही, दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा. हाताला खळीचा वास होता, थोडा आंबट, थोडा घरगुती. दीक्षा त्यांच्याकडे पाहतही नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती आणि तिचे ओठ कामाला लागले होते, आतल्या आत काहीतरी मांडत, पुन्हा उचलत, पुन्हा मांडत. क्लासेसच्या पाट्या गेल्या, पाट्यांवरचे पास झालेल्या पोरांचे चेहरे गेले, औषधांचं दुकान गेलं, नाका गेला. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं तर एका म्हाताऱ्याचं तोंड एका बाईने दाबून धरलेलं. मग दीक्षा म्हणाली, "कठोरा नाक्यावर." ऑटोवाल्याने मुकाट्याने गाडी वळवली, मागे आणली, आणि ते उतरताना म्हणाला, "बराबर सांगतलं ताईनं." दीक्षाने हात ओढणीला पुसला. "बाबा, तुमी थुका लावला," ती म्हणाली. एवढंच झालं. पण शेषरावांच्या ओठांवरून तो हात दिवसभर निघाला नाही. जेवताना होता, खर्रा घोटताना होता, शेजाऱ्याला धामणगावच्या बोलक्या बैलाची गोष्ट सांगताना होता, आणि तो बैल तर शेषरावांच्या हातून आजवर कधी मध्येच मुका झाला नव्हता.

दीक्षाची समज जन्मापासून संथ. शाळेच्या दाखल्यावर त्या संथपणाला एक लांबलचक नाव होतं, टक्केवारी होती, शिक्का होता. शेषरावांना त्यातलं एकच कळलं होतं, की पोरीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो. आणि रिकामा वेळ शेषरावांना सोसत नसे. गाडी उशिरा असली तर ते माईकवरून माणसांची करमणूक करत. मग पोटच्या पोरीला माणसांसमोर असं रिकामं उभं कसं ठेवतील? डॉक्टर विचारी, काय दुखतं. शेषराव सांगत, पोट. बांगडीवाली विचारी, कोणत्या घालू. शेषराव सांगत, हिरव्या. पोट दुखत असेही बहुधा. हिरव्या बांगड्या मात्र तिला आवडत नसत, हे त्यांना ती सत्तावीस वर्षांची झाल्यावर कळलं, तेही सुंदराबाई सहज बोलून गेल्या म्हणून. प्रेमानेच करत ते. गर्दीत पोराला कडेवर उचलून घ्यावं तसं तिचं बोलणं ते उचलून घेत, आणि पोर कधीच मोठी झाली तरी त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं.

आणि याला एक जुनं कारणही होतं, जरी शेषराव ते कोणाला सांगत नसत. अकोल्याच्या हौशी नाटकांत ते चाळीस वर्षं प्रॉम्प्टर होते. उजव्या विंगेत एक स्टूल, मांडीवर वही, डोक्यावर शून्याचा दिवा. नटांचे त्यांनी फक्त कान पाहिले, डावे. त्या काळात नत्थुजी नायक. नत्थुजी म्हणजे अकोटकडचं कापूस पिकवणारं घर, अंगापिंडाने भरलेला माणूस, आवाज असा की सरकी फुटावी. प्रॉम्प्टिंगची कला शेषराव कोणालाही शिकवायला तयार असत आणि शिकायला कोणी तयार नसे, म्हणून ते दीक्षाला शिकवत. ती आठ वर्षांची, जमिनीवर मांडी घालून वही धरायची, आणि ते सांगायचे: शब्द द्यायचा नसतो बेटा, अक्षर द्यायचं असतं. पहिलं. श्वासावर, आवाज न करता. बाकीचं नटाचं. दीक्षा ऐकायची. तिच्याइतकं शेषरावांना कोणी ऐकलं नाही, आणि तिच्याइतकं खरंही कोणी मानलं नाही. माहा माईकवरचा आवाज थेट अकोटले जाते, असं त्यांनी एकदा म्हटलं, तर पुढच्या उन्हाळ्यात मावशीकडे अकोटला गेली असता पोरगी दिवसभर गच्चीवर उभी राहिली. परत आल्यावर सांगितलं, "आला नाई." टोमणा नव्हता. तपासून आली होती, इतकंच.

तर त्या नाटकांतल्या एकात नत्थुजींना मुलाचं पत्र येतं. ते वाचतात, घडी घालतात, आणि थांबतात. तालमीत तो थांबा नव्हता. प्रयोगात नत्थुजींना तो आतून आला. तीनशे माणसं श्वास धरून बसलेली, आणि विंगेत शेषरावांना वाटलं, की गेला, विसरला, बुडाला. एक, दोन, तीन मोजून त्यांनी अक्षर दिलं. नत्थुजी हलले नाहीत. त्यांनी शब्द दिला. मग अख्खं वाक्य दिलं, बसस्थानकाच्या आवाजात: आता या घरात कोणी येणार नाही. आणि शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ऐकलं ना बे, आता पुढचं बोल." नाट्यगृह पाच मिनिटं हसलं. पडदा पडल्यावर नत्थुजी विंगेत आले, पत्र अजून हातात, आणि म्हणाले, "शेष्या, तू माहा पॉज खाल्ला." तीस वर्षं झाली, ते अजून हेच म्हणतात. लग्नात म्हणतात, मयतीत म्हणतात. शेषराव त्यावर हसतात. पण ऑटोतल्या त्या हातानंतर, खळीचा वास नाकात असताना, त्यांना एकाएकी वाटलं की आपण किती खाल्ले असतील. बत्तीस वर्षं, दिवसाला वीस धरले तरी. माणूस विसरला आहे आणि माणूस थांबला आहे, यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने चाळीस वर्षं त्या स्टुलावर बसावं, याला काय म्हणायचं? त्यांनी यावर एक चुरचुरीत गोष्ट रचून पाहिली. जमली नाही.

कठोरा नाक्याजवळच्या कार्यशाळेत दीक्षा खळ लावून फायलींची कव्हरं करते. दिवसाला ऐंशी. तिच्यासाठीच शेषराव निवृत्तीनंतर अकोला सोडून अमरावतीला आले. तिथेच दुपारी तीन ते पाच माधवीताई नाटक बसवू लागल्या. या माधवीताई म्हणजे चाळिशीची, केसांत चष्मा अडकवून तोच शोधत फिरणारी बाई. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कागदी पाकळ्या बांधल्या. अशा लोकांचं स्नेहसंमेलन म्हटलं की फुलंच करतात, कोणी गुलाब, कोणी झेंडू. त्यात गीतांजली होती, चाळीस वर्षांची, ठेंगणी, बारीक डोळ्यांची, फार हसणारी. तिने डोक्यावरची पाकळी काढली, नीट घडी केली आणि म्हणाली, "खोटं. मी फूल नाई." माधवीताईंनी विचारलं, "मग कोण?" गीतांजली उठली आणि तिने करून दाखवलं: रेशनच्या दुकानातली रांग, मशीनवर अंगठा, लागत नाही, पुसून पुन्हा अंगठा, लागत नाही, आणि दुकानदार सांगतो की मशीन म्हणते तुमी गीतांजली नाई. माधवीताई खाली बसल्या. त्या दिवसापासून तोच कायदा झाला. वही नाही, भाषण नाही. प्रत्येकाने आपल्यासोबत झालेलं दाखवायचं. पाहणाऱ्याला पटलं नाही तर त्याने मोठ्याने म्हणायचं, खोटं. आणि खोटं म्हणणाऱ्याने बसून राहायचं नाही. म्हटलं की उठायचं, पुढे यायचं, खरं काय ते करून दाखवायचं.

प्रॉम्प्टरला तिथे काम नव्हतं. शेषराव पहिल्याच आठवड्यात स्टूल घेऊन गेले होते. "काका, वहीच नाही तर वाचणार काय?" माधवीताई म्हणाल्या. ते भिंतीला टेकून पाहत बसले. पण दीक्षाची पाळी आली की ती त्यांच्याकडे पाही आणि म्हणे, "बाबा, चहा पिऊन या." रोज. चार महिने शेषरावांनी नाक्यावरच्या टपरीत इतका चहा घेतला की टपरीवाल्याने, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गावी दुमजली घर बांधलं. आत काय चाललं असेल? पोरगी काय दाखवत असेल? बशीत फुंकर मारता मारता त्यांना एकच गोष्ट आठवे, आणि ती आठवली की चहाला धातूची चव येई.

नऊ वर्षांपूर्वी अकोल्याला पुतणीच्या लग्नात जुना एक कंडक्टर भेटला. त्याने दीक्षालाच विचारलं होतं, "काय करते बाई आता?" दीक्षाने तोंड उघडलं. चेहऱ्यावर उत्तर दिसत होतं, दाराशी येऊन चपला घालत असल्यासारखं. नवी साडी, हातात जेवणाची पत्रावळ, पाठीमागे ब्यांड. एक, दोन, तीन. "अमरावतीले बँकेत हाय," शेषराव म्हणाले. कंडक्टर म्हणाला, वा. दीक्षाचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग हळूच मिटलं. शेषरावांनी आयुष्यात हजारो थापा मारल्या, बैल बोलते केले, नदी उलटी चढवली, पण त्या सगळ्या फुकट वाटलेल्या होत्या, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे. ही एकच थाप त्यांनी विश्वास बसावा म्हणून मारली होती. आणि ती बसली. अकोल्यात ती वाढत गेली. क्लार्कची अधिकारी झाली, अधिकाऱ्याची मॅनेजर झाली. लोकांनी विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. मनाची समजूत घालायला ते स्वतःशी म्हणत, फायलींची कव्हरं शेवटी बँकेतच जातात, म्हणजे एका परीने. पण हे वाक्य ते नेहमी इथेच सोडत.

आणि मग, त्या ऑटोच्या चार दिवस आधी, नत्थुजींचा फोन आला. नत्थुजी आता अकोल्याच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. "शेष्या, तुह्या अमरावतीत ते मतिमंद पोरायचं नाटक चालू हाय म्हणते. ते आमी अकोल्यात लावून राह्यलो. तू ये. अन् पोरीले बी आण, मॅनेजर बाईले, जरा आमालेबी पाहू दे." दीक्षा समोर वाटाणे सोलत होती. फोन स्पीकरवर होता, कारण शेषरावांना तसाच आवडे. "तिले सुट्टी नाई भेटत रे," शेषराव म्हणाले. वाटाणे थांबले. फोन ठेवून झाल्यावर, भाजीवाला ओरडून गेल्यावर, दीक्षा म्हणाली, "मी कव्हरं करते. दिवसाले ऐंशी." शेषराव म्हणाले, "हाव बेटा, लय चांगले करते." ती म्हणाली, "मंग?" शेषराव वाटाण्यांची टरफलं गोळा करू लागले, आणि तिने त्यांच्या जागी उत्तर दिलं नाही. नुसती बसून राहिली, वाट पाहत. आता चहा पिताना त्यांना कळत होतं की ते वाट पाहणंच तेव्हा पुढे जाऊन ऑटोत हात झालं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळे एसटीने निघाले, शेषराव, सुंदराबाई आणि नटमंडळी. बडनेरा गेलं, दोन्हीकडे काळी रानं, कपाशीच्या पऱ्हाटीची वाळलेली झुडपं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा शेषरावांना राहवेना. शेजारी शिवम बसला होता, पंचविशीचा, उंच, प्रत्येकाचा शेवटचा शब्द आपल्या तोंडात घोळवून पाहणारा. त्यांनी त्याला बंद पडलेली शकुंतला, छोट्या रुळांवरची जुनी रेल्वे, दाखवली. म्हणाले, "ही गाडी एवढी हळू चाले राजा, का मी मांगच्या डब्यात चढलो, पेंग आली म्हणून खाली उतरलो, पायी निघालो, त गाडीच्या आंधी ठेसनावर पोचलो अन् माह्याच गाडीतल्या लोकायचे तिकीट तपासले." "तपासले," शिवम म्हणाला. मग म्हणाला, "खोटं." आणि कायदा तो कायदा, उठला. एसटीच्या मधल्या वाटेत उभा राहिला, हात अंगाला चिकटवले आणि काहीच केलं नाही. माणसं वळून पाहू लागली. कंडक्टरने विचारलं, काय झालं. "गाडी," शिवम म्हणाला, "बंद हाय." आणि तसाच उभा राहिला, गंजलेला, गवत उगवलेला, आणि सगळी एसटी खिडकीबाहेर त्या अरुंद रुळांकडे पाहू लागली, जणू ते आजच तिथे टाकले होते. कोणीतरी टाळी वाजवली. शेषरावांनीही वाजवली, पण त्यांची गोष्ट पडली होती, आणि पडल्यावर जे उरलं होतं ते जास्त चांगलं होतं, हे त्यांना कबूल करावं लागलं. पुढच्या बाकावरून दीक्षा मागे वळली. "बाबा, माह्या वेळी झोपू नका," ती म्हणाली.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत शिरताच तो जुना वास आला: धूळ, तागाचे पडदे, डांबराच्या गोळ्या. पाय आपोआप उजव्या विंगेकडे वळले. स्टूल नव्हतं. माधवीताईंनी त्यांना दंडाला धरून हळूच फिरवलं. "काका, तुमची जागा समोर." चौथी रांग. एका बाजूला सुंदराबाई, पर्स मांडीवर घट्ट. दुसऱ्या बाजूला नत्थुजी, पांढरा सदरा, अत्तर. मागे तो जुना कंडक्टर, आगारातले आणखी दहा-बारा, अर्धं अकोला. "मॅनेजर बाई नाई आल्या?" नत्थुजींनी विचारलं. शेषराव खोकले. आपण समोरून रंगमंच कधी पाहिलाच नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. किती रुंद असतो तो. आणि मांडीवर वही नसली की हात किती मोठे होतात.

गीतांजली पुढे आली, पाकळीशिवाय. "आमी दाखवतो," ती म्हणाली. "खोटं वाटलं त खोटं म्हना. म्हटलं त उठून अथी यायचं. खरं दाखवायचं." लोक हसले, सभ्यपणे, लग्नात लहान पोराच्या गाण्याला हसतात तसे. मग तिने अंगठा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तिने अंगठ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि मशीनची समजूत घालावी अशा आवाजात म्हणाली, "अवो, मीच हाय." आणि ते सभ्य हसू फुटून खरं हसू बाहेर आलं, आडवंतिडवं, अकोल्याचं, कारण त्या सभागृहात असा एक अंगठा नव्हता जो कधी नाकारला गेला नव्हता. मग शिवम खुर्चीवर बसला, गळ्याभोवती टॉवेल. गीतांजली न्हावी झाली आणि शिवमला सोडून हवेतल्या कोणा भावाला विचारू लागली, "याचे किती कापू?" "खोटं," शेषरावांच्या शेजारून गर्जना झाली. नत्थुजी उभे होते. पंच्याहत्तर वर्षांचे नत्थुजी, ज्यांना रंगमंच दिसला की गुडघे दुखायचे थांबतात. "न्हावी असा वस्तरा धरते कुठी?" म्हणत ते पायऱ्या चढले, बाह्या सारल्या, हवेत वस्तरा परजला. शिवमने आरशातून पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. "मले विचारा," तो म्हणाला. नत्थुजींचा हात हवेत राहिला. मग या माणसाने, ज्याने साठ वर्षांत कोणाला पुढचं वाक्य घेऊ दिलं नव्हतं, कमरेत वाकून विचारलं, "किती कापू, साहेब?" आणि शिवम विचार करू लागला. शेषराव खुर्चीत पुढे सरकले. एक, दोन, तीन. थोडे, त्यांच्या जिभेवर आलं, थोडे म्हण. नत्थुजी वाकलेले, हलत नव्हते, डोळ्यांत लखलख. सहा, सात. सगळं सभागृह त्या पोराच्या ओठांवर बसलेलं. "थोडे," शिवम म्हणाला. "मांगून थोडे." आणि छत खाली आलं. म्हणजे खरंच आलं असतं, तुळया नव्या होत्या म्हणून वाचलं. टाळ्या थांबेनात, कंडक्टर बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता. नत्थुजी खाली आले, घामाघूम, वीस वर्षांनी लहान झालेले, आणि बसता बसता म्हणाले, "पाह्यला पॉज? खाल्ला नाई म्या."

मग एक टेबल आलं, खुर्ची आली, टेबलावर पालथा स्टीलचा ग्लास. आणि दीक्षा आली. अंगात शेषरावांचा खाकी सदरा, आगारातला, जो चार महिन्यांपासून पेटीत सापडत नव्हता आणि जो सुंदराबाईंनी भांडेवालीला दिला असं त्यांनी भांडून ठरवलं होतं. शेजारून नत्थुजी म्हणाले, "हे कोण?" विंगेत वही धरणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीनंतर त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. शेषराव काही बोलायच्या आत दीक्षाने ग्लास तोंडाशी धरला, दोनदा खोकली, एकदा फुंकर मारली. फक्त तेवढंच, आणि मागच्या रांगेत आगारवाले ओरडले, "शेषराव हाय बे हे." हशा, टाळ्या, पाठीवर थापा. दीक्षा थांबली, हशा पूर्ण उतरू दिला, घाई नाही, मग सुरू झाली: "अकोल्याहून. अकोट मार्गे. हिवरखेडले जानारी. गाडी. फलाट क्रमांक तीन." प्रत्येक शब्दानंतर जागा, आणि त्या जागेत लोकांना गाडी दिसे, धूळ दिसे, चढणाऱ्या बायकांची गाठोडी दिसत. शेषरावांच्या सत्तावीस वर्षांत ती गाडी कधी एवढी दिसली नव्हती. ती ग्लासातून हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होती, पाऊस यायचा का ते सांगत होती, आणि प्रत्येक वाक्याला लोक कोसळत होते, आणि शेषराव डोळे पुसत होते, म्हणजे हसून, सुंदराबाईंना तसंच सांगितलं त्यांनी. ही माझी पोरगी, त्यांच्या आत कोणीतरी माईक घेऊन ओरडत होतं, ही माझी. पण ते बाहेर म्हणता येईना. बाहेर त्यांची पोरगी बँकेत होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती.

गीतांजली येऊन टेबलाच्या शेजारी उभी राहिली, हातात कागदाची पत्रावळ. शिवम आला, खांद्याला कंडक्टरची पिशवी. गीतांजलीला म्हणाला, "काय करते बाई आता?" गीतांजलीने तोंड उघडलं.

दीक्षा खोकली. दोनदा. "अमरावतीले," ती ग्लासात म्हणाली. "बँकेत हाय. मॅनेजर."

आणि थांबली. गीतांजलीचं तोंड उघडं. शिवम गोठलेला, मूर्तिजापुरात होता तसा. कोणी काही म्हटलं नाही, कारण अकोल्यात यात खोटं काही नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. एक. विसरली, शेषरावांना वाटलं, गेली, बुडाली, दे. दोन. त्यांनी घशात पुढचं वाक्य शोधलं. पुढचं वाक्य नव्हतं. तीन. नत्थुजींचं मनगट जरा वर आलं. त्यांना पॉज लांबून कळतो. चार, पाच. मागे कंडक्टरच्या खुर्चीची कुरकुर थांबली. सुंदराबाई समोर पाहत होत्या, पर्सची चेन उघडत, लावत, उघडत, आणि त्या म्हणणार नव्हत्या, नऊ वर्षं म्हणाल्या नव्हत्या, हे काम त्यांचं नव्हतं. सहा. त्या दिवशी हिच्या तोंडाशी काय आलेलं होतं? दारात चपला घालून उभं असलेलं ते उत्तर कोणतं होतं, ऐंशी कव्हरं, की मावशीचं अकोट, की आणखी काही, जे माझ्या तीनपर्यंतच्या मोजण्याला कधी कळलंच नाही? सात. ती विसरली नव्हती. हे त्यांना पाठीच्या कण्यातून कळलं, हळूच, खालून वर. ती थांबली होती. आणि गप्प बसणं म्हणजे रिकामं नसतं, हेही त्याच वाटेने वर आलं, तीनशे माणसं बसतील एवढी त्यात जागा असते. आठ. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि दिव्यांच्या उजेडातून डोळे बारीक करून चौथी रांग शोधली. पहिल्या खुर्चीपासून, एकेक चेहरा तपासत. नऊ. सापडले. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं दिली, त्याच्याकडे पाहत तिने ओठ गोल केले आणि जसं शिकवलं होतं अगदी तसं, श्वासावर, आवाज न करता, पहिलं अक्षर दिलं. फक्त अक्षर. बाकीचं नटाचं. दहा. शेषरावांना पायऱ्या दिसल्या, पाच होत्या, कठडा नव्हता. अकरा.

"खोटं," शेषराव म्हणाले, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत, आणि उठले.